पांढरे सतरा, तांबडे किती

नवसू गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी समदी वाडी त्याच्या घरी जमली. सावळा आबा वाडीतला थोरला मानूस. त्यानं हाक मारली, "बायडे, ये म्होरं. टोपली तूच उचल."

बायडाबाई म्हंजे नवसूची धाकली भन. बेडश्याला दिली व्हती. नवरा गेल्यावर भावाकडं आली ती हितंच ऱ्हायली. लोनावळ्यात वलवनच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी, पंधरा उंबऱ्यांची. वाडीची रीत अशी, की मानसानं जितं जीव सोडला तितं सारवायचं, वर तांदळाचं पीठ पसरायचं, दिवा ठिवायचा आन टोपली पालथी घालायची. मग सकाळी बघायचं, पिठावर कसलं पाऊल उठलंय. पाखराचं असलं तर मानूस पाखराच्या जल्माला गेला, गाईचं असलं तर गाईच्या. आता बघनाराचं डोळं नीट पाह्यजेत. जमिनीवरच्या खुना बायडाबाईवानी कुनाला वाचता येत न्हाईत, हे वाडीत समद्यांना ठावं. सा वर्सांमागं तिनं क्लबाच्या टेनिसच्या कोर्टावर बॉलच्या खुना मोजल्या व्हत्या आन त्या मोजनीवर साहेबानं बारा रॅकेटींचं ठरवलं व्हतं. तवापास्नं कुनाची शेरडं कुनाच्या वावरात शिरली तरी बायडाबाईला बोलावनं येतं.

पर ती हलंना. टोपलीकडं बघत बसली.

"उचल की वन्सं," सावित्राबाई म्हनली. ती नवसूची बायको, भिताडाला टेकून बसलेली. "पाखराचं आसंल न्हवं? त्येंला पाखरं आवडायची."

"निवृत्ती येऊ दे वैनी. पयल्या यस्टीनं निघतो म्हनलाय. त्याला बी बघू दे."

निवृत्ती क्लबात माळी, परंदवडीचा. नवसूचा जोडीदार. पर खरं सांगायचं तर बायडाबाई काय निवृत्तीसाटी थांबली नव्हती. मागल्या बारीला खुना मोजल्या तवा तिनं जे केलं व्हतं ते नवसूला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगायचं ऱ्हायलंच. आन आज पुन्यांदा तिलाच म्हनत्यात, बघ आन सांग.

नवसू क्लबात लागला तवा इंग्रज जाऊन चार वर्सं झालती. पयलं काम रूळ वढायचं. टेनिसचं कोर्ट तवा मातीचं. खाली मुरूम, वर तांबडी माती आन शेनाचा काला. पंधरा दिसांनी सारवाय लागायचं. नवसू रूळ वढायचा, बायडाबाई मागं मागं सरकत सारवायची. घरची भुई सारवावी तसं, आर्ध्या चंद्रागत हात फिरवत. साहेब लोक म्हनायचे, हिच्या हातचं कोर्ट म्हंजे गालिचा.

क्लबात एक म्हातारा लष्करी गडी रॅकेट विनायचा. रॅकेट म्हंजे लाकडाचं कडं, त्यात जाळी, जाळी जनावराच्या आतड्याच्या ताताची. म्हाताऱ्यानं नवसूला हाताखाली घेतलं. तात वढायची, आरी खुपसून धरायची, फुडच्या भोकातनं काढायची. किती ताणली हे त्यो कानानं बघायचा, ढोलकी चढवत्यात तसं. बोटानं छेडायचा आन म्हनायचा, "ही अजून झोपलीय," न्हाईतर "ही लय तापली, साहेबाचं मनगट खाईल." म्हातारा गेला तवा त्याची आरी नवसूकडं आली. मग खेळाय लागला. ज्या साहेबाला जोडीदार न्हाई त्याच्यासंगं खेळायचं, त्या कामाला मार्कर म्हनत्यात. क्लबानं पांढरी आर्धी चड्डी दिली. सावित्राबाई हसून हसून दमली. म्हनाली, "बाई बाई, कोंबड्याच्या टांगा." नवसू म्हनला, "कोंबडा हाय म्हनून तर तुला पहाट हुतीय."

आन पावसाळा. लोनावळ्याचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला सांगाय नको. भिताडाला बुरशी येती, मीठ वाहून जातं. लाकडाची रॅकेट त्यात पापडागत वाकती. म्हनून जेष्ठात नवसू क्लबातल्या तीस रॅकेटी घरी आनायचा. एकेकीला लाकडी चापात घालून चारी पेच आवळायचा आन चुलीवरच्या माळ्याला टांगायचा. शेजारी बियाच्या भाताची पोती, हिकडं सुकट, मधी रॅकेटी. चार म्हयने धूर खाऊन दिवाळीला परत क्लबात. एक बंगलेवाल्या बाईसाहेब यकदा म्हनल्या, "नवसू, माझ्या रॅकेटला बोंबलाचा वास येतो."

"वास येतो बाईसाब. पर वाकली का?"

बाईसाहेबांनी डोळ्यासमोर धरून बघितली. वाकली नव्हती. त्या वर्सापास्नं त्या दिवाळीला नवसूच्या घरी मिठाई धाडायच्या.

वीसेक वर्सं अशी गेली. मग साल सत्तर, दिवाळीच्या आदी, मुंबईचा एक मानूस क्लबात आला. त्याच्याकडं पोलादाची रॅकेट. नळी वाकवून केलेली, चकचकीत, आरपार दिसनारी. संगं छापील कागद. त्यानं वाचून दाखवलं. पावसात वाकनार न्हाई. बॉल दीडपट जोरात जानार. हात दुखनार न्हाई. नेम चुकनार न्हाई. जलमभर टिकनार. नवसू पाठीमागं हात बांधून ऐकत व्हता. मानसानं रॅकेट त्याच्या हातात दिली. नवसूनं सवयीनं तात छेडली.

"वाजती कशी?" निवृत्तीनं इचारलं.

"भांड्यागत," नवसू म्हनला.

आतनं बघितली तर कड्याला भोकंच न्हाईत. तारेचे बारीक फास कड्याभवती गुंडाळलेले, त्यात तात अडकवलेली. मुंबईवाला म्हनला, ही इनायला मशीन लागतं, तुटली तर मुंबईला पाठवायची. मंजी पेच न्हाई, चाप न्हाई, चूल न्हाई, आरी न्हाई. नवसू बी न्हाई, असंच झालं की ते.

सेक्रेटरीसाहेब भला मानूस. त्यानं नवसूला बाजूला घेतलं. "नवसू, बारा रॅकेटी घ्यायच्या आहेत. लाकडाच्या घेऊ की या? कागदावर काय, काहीही छापतात. तुझा हात मला माहीत आहे. सोमवारी सांग."

घरी आल्यावर बायडाबाई म्हनली, "त्यात काय आवघड? लाकडाची बरी म्हनून सांगायचं."

"आन बरी नसली तर?"

"नसली तर काय? त्येंला कुटं कळतंय."

"त्येंला कळत न्हाई म्हनून तर मला इचारत्यात ना बाय."

दोन दिस त्यो पोलादाच्या रॅकेटीनं खेळला. पयल्या दिशी येऊन म्हनला, बॉल असा सुटतोय, गोफनीतला धोंडाच. दुसऱ्या दिशी म्हनला, सुटतोय खरा, पर कुटं जातोय ते त्याचं त्यालाच ठावं, कोपरात झिनझिन्या बी येतात. सांच्याला परत म्हनला, आज शेवटी शेवटी लय ग्वाड लागली. मग भाकरी तशीच हातात धरून बसला.

"बायडे, हे माझा हात बोलतोय का माझं पोट बोलतंय?"

सावित्राबाई म्हनली, "पोट बोलायला आदी भाकरी खावा."

आयतवारी त्यानं एक डाव काढला. म्हनला, मी मारनार, पर कुटं पडतोय ते मी बघनारच न्हाई. बायडी बघंल, तिला ना टेनिस कळतंय ना पोलाद. नेटाला बांबू लावून त्यानं घोंगडी बांधली, नेटापरास हातभर उंच. पल्याडच्या कोपऱ्यात दोरीनं चौकोन आखला, दोन घोंगड्यांएवढा. बायडाबाईनं सकाळीच पल्याडची बाजू निस्त्या शेनानं सारवली, म्हंजे तांबडी खून बी उठून दिसंल. आर्धी वाळू दिली. पायाला लागत न्हाई पर बॉल पडला तर वळ उठतो, इतकी. आन बॉल जुने, साठ. लाकडाच्या रॅकेटीचे चुन्यात लोळवलेले, पोलादाच्या रॅकेटीचे कावेत. पाच पांढरे, पाच तांबडे, पुन्यांदा पाच पांढरे, असं. हात दमला तर दोघींला सारकाच दमंल. बॉल द्यायला निवृत्ती, त्यो बी घोंगडीच्या अल्याड. पल्याड एकटी बायडाबाई, बादलीत उरलेला काला, आन पदरात खडे.

बॉल यायला लागले. चौकोनात पांढरा पडला की एक खडा उजव्या वटीत, तांबडा पडला की डाव्या. पांढरे यायचे ते घोळक्यानं, एकाजवळ एक, शेरडं बसल्यागत. तांबडे कधी पार कुंपनाला जाऊन आदळायचे. पर जे चौकोनात पडायचे ते असे कोपऱ्यात, बेंदराच्या बैलानं खूर रोवल्यागत. ती बघतच ऱ्हायली. मधी मधी पांढऱ्यावर तांबडा पडायचा, मग त्यो कुनाचा धरायचा?

साठ संपले. तिनं खडे मोजले. उजवीकडं सतरा. डावीकडं सतरा. पुन्यांदा मोजले. सतराच.

"झालं का गं?" घोंगडीच्या मागनं नवसूनं हाक दिली.

"थांब, मोजतीया."

तिच्या डोक्यात इतकंच आलं, का बरोबरी झाली. आन बरोबरीत नव्याचंच सरतं. नवी सून आली का जुन्या सुनेचं रांधनं अळनी लागतं, तसं. मग हात आपसूक बादलीत गेला. कोपऱ्यातल्या तांबड्या तीन खुनांवरनं तिनं काला फिरवला. तीन खडे मागं टाकले.

"पांढरे सतरा," ती म्हनली. "तांबडे चौदा."

नवसू घोंगडी सोडून पल्याड आला. वाकून वाकून बघत गेला. कोपऱ्यात गेल्यावर उकिडवा बसला. तितली जागा वली, बाकीची सुकत आलेली. त्यानं एक बोट टेकवलं. बोट चड्डीला पुसलं, तर पांढऱ्या चड्डीला हिरवा डाग पडला.

"बरं सारवलंस," म्हनला. आन घोंगडीच्या गाठी सोडाय लागला.

बायडाबाईचा जीव थाऱ्यावर न्हाई. ह्याला कळलं का न्हाई? कळलं असतं तर वरडला असता. पर नवसू कधी वरडायचाच न्हाई, मग कसं कळनार?

सोमवारी त्यो साहेबाकडं गेला. परत आला. इचारलं तर म्हनला, "साहेब सा लाकडाच्या घेतोय, सा पोलादाच्या." झालं, एवढंच. बायडाबाई मनात म्हनली, सतरा-चौदा सांगून बी सा-सा? साहेबाला इस्वास न्हाई बसला वाटतं. पर सा तरी लाकडाच्या ऱ्हायल्या. आपल्या हातानं ऱ्हायल्या, असं बी वाटलं. मग वाटलं, का आपल्या हातानं साहेब फसला?

फुडची सा वर्सं ती ह्येच बघत ऱ्हायली, कोनती रॅकेट खरी निघती. काय केल्या निवाडा हुईना. पोलादाची पावसात वाकली न्हाई, ही गोष्ट खरी. कागदानं त्येवढं खरं सांगितलं. पर तारेच्या फासावर घासून तात मातर सारखी तुटायची. मुंबईला धाडली का म्हयनाभर यायची न्हाई. शेवटी नवसूनं सायकलच्या आऱ्याचा आकडा केला आन मशीनबिगर इनायला शिकला. मंजी ज्या रॅकेटीनं काम जानार व्हतं तिनंच काम वाढलं. हात दुखनार न्हाई म्हनले व्हते, तर पुन्याच्या एका डाक्तरसाहेबाचं कोपर असं धरलं का त्याला कपबशी उचलंना. त्याच रॅकेटीनं एक जवान साहेब असा खेळाय लागला का त्याच्याम्होरं कोन उभं ऱ्हाईना. त्यो म्हनायचा, सोन्याची हाय. डाक्तर म्हनायचा, इस्त्याच्या बंबात घाला. दोघं बी शिकलेले. आता कुनाचं खरं मानायचं?

पावसाळ्यात नवसू पोलादाच्या बी घरी आनायचा, माळ्याला टांगायचा.

"ह्येंला काय धाड भरलीय?" सावित्राबाई म्हनायची. "ह्या वाकत न्हाईत ना?"

"एकीला घरी न्यायची आन एकीला न्हाई, बरं दिसत न्हाई."

यकदा बायडाबाईनं चुलीपुढं बसून धीर केला. म्हनली, "दादा, खरी कोनती रं बरी?" तिला फुडचं बी सांगायचं व्हतं.

नवसू आरीला धार लावत व्हता. म्हनला, "मलाच कळंना बाय. जितकं खेळतोय तितकं कमी कळतंय." मग तिच्याकडं बघून म्हनला, "तुला तवा काय वाटलं, कोपऱ्यात?"

ती म्हनली, "मला काय कळतंय त्यातलं." आन उठून पान्याला गेली. भांडं भरलेलं व्हतं तरी गेली.

औंदा भादव्यात नवसूच्या छातीत पानी झालं. सरकारी दवाखान्यातनं परत आनला. माळ्याखालीच बाज टाकली व्हती, वर तीस रॅकेटी टांगलेल्या. त्यो निजल्या निजल्या मोजायचा. आन गेला.

निवृत्ती यस्टीनं आला. पाय धुतले, सावित्राबाईपुढं बसला. मग च्या झाला. सावळा आबा म्हनला, "निवृत्ती, आमची बायडी टोपलीला हात लावंना बग. कोर्टावरच्या खुना मोजनारी बाय, आन घरच्या पिठाला भितीया."

निवृत्ती म्हनला, "ती मोजनी. मी संगं व्हतो ना साहेबाकडं. पांढरे सतरा, तांबडे अठरा."

बायडाबाईनं कप खाली ठिवला.

"चौदा," ती म्हनली. "तांबडे चौदा."

"तू आमाला चौदा सांगितलंस, खरंय. मला बी तेच ठावं. पर साहेबाम्होरं नवसू अठरा म्हनला. मी कोपरानं ढोसलं, आरं चौदा, तर माझ्याकडं बघितलं बी न्हाई. साहेब म्हनला, म्हणजे पोलादी जिंकली? तर ह्यो म्हनला, एकानं काय हुतंय साहेब, वारा बी आसंल. मग साहेब हसला आन सा-सा लिवलं. वाटंत मी इचारलं, चार कुटनं आनलेस? म्हनला, कोपऱ्यात व्हते. म्या म्हनलं, बायडीला दिसले न्हाईत? तर म्हनला, तिला दिसले."

मानसांना वाटलं, निवृत्ती जुनी आठवन काढतोय. च्या प्यायले.

बायडाबाईच्या कानात मातर त्येवढंच. तिला दिसले. मंजी त्याला कळलं व्हतं. वल्या जागेवर बोट टेकवलं तवाच कळलं. सा वर्सं त्याला ठावं, तिला ठावं, आन दोघं एका चुलीपुढं बसत व्हते. "तुला तवा काय वाटलं कोपऱ्यात," त्यानं इचारलं व्हतं. वाट बघितली आसंल त्यानं. आन ती पान्याला गेली.

पर चार कसे? तिनं तीन पुसले. तिनं बोटांवर पुन्यांदा मोजलं. एक कोपऱ्यात, एक दोरीजवळ, एक पांढऱ्याच्या कडंला. तीन. चौथा कुटला? पांढऱ्याखाली एखादा दडला आसंल, हाताखाली आपसूक गेला आसंल. न्हाईतर नवसूनंच एक वरचा घातला, आपलं पोट बोलू नये म्हनून. तसं आसंल तर त्याची बी मोजनी खोटी झाली का? मग खरं काय, सतरा-सतरा, का सतरा-अठरा? आता कुनाला इचारायचं? ज्याला इचारायचं त्योच गेला.

"वन्सं," सावित्राबाई म्हनली, "ऊन वर आलं."

बायडाबाई उठली. टोपली दोन हातांनी धरली आन उचलली. समदी वाकली. ती बी वाकली, पार नाक पिठाला लागंस्तवर.

पीठ जसं पसरलं तसंच व्हतं. पाखराची नखं न्हाईत, खूर न्हाई, मुंगीची वळ बी न्हाई. फकस्त दिव्याच्या कडंला एक वाटोळा डाग, तेलाचा, लिंबाएवढा. पीठ तितं पिवळं पडून खाली बसलं व्हतं.

सावित्राबाईनं तिचा हात धरला. "पाखराचं हाय ना?"

बायडाबाईच्या व्हटावर आलं व्हतं, व्हय वैनी, पाखराचं. एका शब्दानं वैनीचं मन निवलं असतं. वाडीतलं कोनी तिचं खोडून काढलं नसतं.

"न्हाई वैनी," ती म्हनली. "पाऊल कसलंच न्हाई. एक वाटोळं हाय. तेल सांडलं आसंल. ते का सांडलं, मला कळंना."

मानसं एकमेकांकडं बघाय लागली. सावळा आबानं घसा खाकरला. "वाटोळं मंजी चंद्र आसंल. पुन्याईचं हाय."

"चंद्र कुटला," निवृत्ती म्हनला, "बॉल हाय त्यो. वरती बी खेळायला लागला गडी."

सावित्राबाई रडता रडता हसली. तीन दिसांत पयल्यांदा. म्हनली, "त्या आर्ध्या चड्डीत?"

मग पीठ भरून बापयमानसं वढ्यात सोडाय गेली. बायडाबाईनं काला कालवला आन ती जागा सारवाय बसली, मागं मागं सरकत, आर्ध्या चंद्रागत हात फिरवत. पिठाखाली तेल भुईत मुरलं व्हतं. त्यो डाग तसाच व्हता. तिचा हात तितंवर आला आन थांबला. तिनं त्या डागाच्या भवतीनं हात फिरवला आन म्होरं सारवत गेली.

"तेवढं ऱ्हायलं की वन्सं," सावित्राबाई म्हनली.

"ऱ्हाऊ दे."

वर माळ्याला रॅकेटी तशाच टांगलेल्या. दिवाळीला क्लबात कोन नेनार, आन नेल्यावर साहेबानं काय इचारलं तर काय सांगायचं, हे बायडाबाईला अजून उमगलं न्हाई. तीन का चार, ती अजून बोटांवर मोजती.